बटण दाबलं की प्रोग्राम हँग होतो? मग काम मागच्या खोलीत पाठवा



धंद्यासाठी स्वतःचा छोटा प्रोग्राम बनवणारे किंवा बनवून घेणारे आता बरेच जण आहेत. कुणाचा भाचा इंजिनिअरिंगला असतो, कुणी स्वतःच रात्री बसून पायथॉन शिकलेलं असतं, कुणी ओळखीच्या डेव्हलपरला दहा-पंधरा हजार देऊन काम करून घेतं. स्क्रीनवर चार रकाने आणि एक मोठं बटण. बटण दाबलं की काम फत्ते.

पण पाच-दहा नोंदींवर झकास चाललेला प्रोग्राम खऱ्या कामाला लावला की एक गोष्ट हमखास होते. बटण दाबलं की खिडकी गोठते. माउस गोल फिरत राहतो, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि माणूस घाबरून प्रोग्राम बंद करतो. व्हिडिओत आपण यावरचा उपाय पाच मिनिटांत पाहिला. इथे तो सावकाश, कारणांसकट बघू. तुम्ही स्वतः कोड लिहीत नसाल तरी वाचा, कारण शेवटी दिलेली तपासणी डेव्हलपरचे उरलेले पैसे देण्याआधी तुम्हालाच करायची आहे.

आधी नुकसान समजून घ्या

समजा, एका ताईंचा दुधाचा रतीब आहे. ४०० घरं. महिनाअखेरीला प्रत्येक घराचं बिल बनवायचं, पीडीएफ करायची आणि ईमेलने पाठवायची. पुतण्याने पायथॉनमध्ये प्रोग्राम करून दिला. महिना निवडा आणि 'सगळी बिलं पाठवा' हे बटण दाबा.

एका बिलाला ३ सेकंद धरा. ४०० बिलांना १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटं. या २० मिनिटांत स्क्रीनवर काहीच हलत नाही. सात मिनिटं वाट बघून ताई टास्क मॅनेजर उघडतात आणि प्रोग्राम बंद करतात. तोपर्यंत १४० बिलं गेलेली असतात, पण हे त्यांना कसं कळणार? त्या पुन्हा प्रोग्राम उघडतात, पुन्हा बटण दाबतात. पहिल्या १४० घरांना दुसऱ्यांदा बिल जातं.

आता फोन सुरू. "ताई, दोन बिलं कशी आली?" कुणी दोनदा पैसे भरतं आणि ते परत करावे लागतात. कुणी म्हणतं, "दोन्हींपैकी खरं कुठलं ते ठरू द्या, मग भरतो," आणि वसुली आठ दिवस पुढे जाते. रतीबाचा धंदा विश्वासावर चालतो, आणि हिशोबात घोळ दिसला की गिऱ्हाईक मागची बिलंही काढून बघायला लागतं.

यातला खरा विनोद असा की प्रोग्राम बिघडलेलाच नव्हता. तो इमानदारीत बिलं पाठवत होता, फक्त तसं सांगायला त्याच्याकडे माणूस शिल्लक नव्हता.

खिडकी गोठते का?

दुकानाचं उदाहरण घ्या. गल्ल्यावर एकच माणूस बसलाय. गिऱ्हाइकाशी बोलणं, पैसे घेणं, फोन उचलणं, सगळं तोच करतो. कुणी सांगितलं, "पन्नास किलो तांदळाची पोती मोजून द्या," आणि तो स्वतःच उठून गोदामात गेला. आता गल्ल्यावर कोण? कुणीच नाही. दुकान उघडं आहे, दिवे चालू आहेत, पण हाका मारणाऱ्याला उत्तर मिळत नाही.

खिडकी असलेल्या प्रत्येक प्रोग्रामात असा एक गल्ल्यावरचा माणूस असतो. त्याला मुख्य थ्रेड म्हणतात. माउसची क्लिक घेणं, अक्षरं टाइप होताना दाखवणं, खिडकी पुन्हा रंगवणं, ही कामं तो एकामागून एक करत असतो. तुमच्या बटणाला जोडलेलं कामही तोच करतो. ते काम २० मिनिटांचं असेल तर २० मिनिटं गल्ला रिकामा.

विंडोज बाहेरून नजर ठेवून असतं. खिडकीने साधारण ५ सेकंद कुठल्याच निरोपाला उत्तर दिलं नाही की विंडोज तिला बेशुद्ध समजतं आणि तिच्या जागी एक फिकट पांढुरकी प्रत दाखवतं. अँड्रॉइडवरही हाच हिशोब आहे. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर नाही, तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते.

आणखी एक फसवी गोष्ट. खिडकी गोठायच्या आधीच्या पहिल्या काही सेकंदांत माणूस अधीर होऊन बटण दोन-तीनदा दाबतो. त्या क्लिक वाया जात नाहीत, रांगेत थांबतात. पहिलं काम संपलं की गल्ल्यावरचा माणूस परत येतो, रांग बघतो आणि तेच काम पुन्हा सुरू करतो. म्हणजे प्रोग्राम बंद न करताही बिलं दोनदा जाऊ शकतात.

जे उपाय लागू पडत नाहीत

'नवा कॉम्प्युटर घ्या' हा पहिला सल्ला मिळतो. ईमेल पाठवताना बराचसा वेळ समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. कॉम्प्युटर कितीही महागाचा घेतलात तरी वाट बघणं तेवढंच.

दुसरा उपाय म्हणजे कामाच्या मध्ये मध्ये 'जरा खिडकीकडे बघून घे' असं सांगणं. जुन्या व्हिज्युअल बेसिकवाल्यांना 'डू-इव्हेंट्स' आठवत असेल. पायथॉनच्या टीकिंटरमध्ये हेच 'अपडेट' या नावाने मिळतं. गोदामातला माणूस दर पोत्यामागे गल्ल्यावर डोकावून जातो, तसं हे. एखादं पोतं जड निघालं, सर्व्हरने ३० सेकंद लावले, की पुन्हा गोठलं. शिवाय त्या डोकावण्यात बटणाची दुसरी क्लिक आत शिरली तर पहिलं काम अर्धवट असतानाच दुसरं सुरू होतं.

तिसरा, नुसता 'कृपया थांबा' असा मजकूर लावणं. तो मजकूर रंगवायचं कामही गल्ल्यावरच्या माणसाचंच आहे आणि तो तर गोदामात गेलाय. त्यामुळे बरेचदा तो मजकूर काम संपल्यावरच दिसतो!

खरा उपाय: गोदामासाठी वेगळा माणूस

गल्ल्यावरच्याने उठायचं नाही, गोदामाचं काम मदतनिसाला सांगायचं. हा मदतनीस म्हणजे मागे चालणारा थ्रेड. बटण दाबल्यावर मुख्य थ्रेडने फक्त एवढं करायचं: स्क्रीनवरची माहिती घ्यायची, बटण बंद करायचं, नवा थ्रेड सुरू करायचा आणि लगेच आपल्या जागेवर परतायचं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

पायथॉनमध्ये यासाठी 'थ्रेडिंग' नावाचं मॉड्यूल सोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्यातला 'थ्रेड' बनवायचा, 'टार्गेट' म्हणून कामाच्या फंक्शनचं नाव द्यायचं आणि 'स्टार्ट' म्हणायचं. ऐकायला सोपं आहे, पण नवशिक्यांची गाडी तीन ठिकाणी अडते:

१. टार्गेटमध्ये फंक्शनचं नाव देताना पुढे कंस लावला जातो. कंस लावला की ते काम तिथल्या तिथे, मुख्य थ्रेडवरच होतं. मदतनिसाला 'हे काम कर' सांगण्याऐवजी स्वतः काम उरकून रिकामं पोतं त्याच्या हातात दिल्यासारखं. फक्त नाव द्या, कंस नको. सोबत माहिती पाठवायची असेल तर ती 'आर्ग्ज'मधून द्या.

२. 'स्टार्ट'ऐवजी 'रन' लिहिलं जातं. 'रन' म्हटलं की नवा थ्रेड सुरूच होत नाही, काम मुख्य थ्रेडवर होतं आणि खिडकी पूर्वीसारखीच गोठते.

३. 'स्टार्ट'च्या खालच्याच ओळीत 'जॉइन' लिहिलं जातं. 'जॉइन' म्हणजे 'तो परत येईपर्यंत मी इथेच थांबतो'. मदतनीस ठेवला आणि मालक गोदामाच्या दारात उभा राहिला, तर गल्ला रिकामाच ना?

गल्ल्याला हात फक्त गल्लेवाल्याचा

हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. खिडकीतलं बटण, रकाना, यादी, टक्केवारीची पट्टी या सगळ्याला मुख्य थ्रेडनेच हात लावायचा. मागच्या थ्रेडने थेट स्क्रीनवर काही लिहायचं नाही. लिहिलं तर कधी चालतं, कधी प्रोग्राम अडतो, कधी चुकीचं दिसतं. 'कधी चालतं' हेच धोक्याचं, कारण घरी तपासताना सगळं ठीक दिसतं आणि महिनाअखेरीला दुकानात अडतं.

मग मदतनिसाने 'किती झालं' हे सांगायचं कसं? चिठ्ठीने. पायथॉनमध्ये 'क्यू' नावाची सुरक्षित रांग मिळते. मदतनीस प्रत्येक बिल झालं की रांगेत चिठ्ठी टाकतो: 'घर क्रमांक ५७, पाठवलं'. मुख्य थ्रेड ठरावीक वेळाने रांग बघतो आणि चिठ्ठ्या वाचून स्क्रीन बदलतो. टीकिंटरमध्ये हे 'आफ्टर'ने करतात: 'दर १०० मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालव'. सेकंदाला दहा वेळा रांग बघितली तर माणसाच्या डोळ्याला ते सलगच वाटतं. रांग रिकामी असेल तर तिथे थांबून राहायचं नाही, पुढच्या फेरीला बघू म्हणायचं.

एवढं केलंत की स्क्रीनवर '४०० पैकी ५७ झाली' असं दिसायला लागतं. काम तितकंच हळू आहे, पण टास्क मॅनेजर उघडायचं कारणच उरत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ च्या त्यांच्या पुस्तकात तीन मर्यादा दिल्या आहेत. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर लगेच झाल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं, म्हणून तिथे किती काम उरलं ते दाखवायलाच हवं. आपली २० मिनिटं कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

माहिती आधी उचला, मग काम सोपवा

खिडकी आता गोठत नाही, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळे काम चालू असताना माणूस रकान्यात बदलही करू शकतो. ताईंनी सप्टेंबरची बिलं सुरू केली आणि मध्येच दुसरं काही बघायला महिना ऑक्टोबर केला. मागचा थ्रेड दरवेळी रकान्यातून महिना वाचत असेल तर अर्धी बिलं सप्टेंबरची आणि अर्धी ऑक्टोबरची!

म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी महिना, दर, ग्राहकांची यादी या सगळ्याची प्रत करून घ्या आणि ती प्रतच मदतनिसाला द्या. कारागिराला तोंडी सांगायचं आणि मग मत बदलत राहायचं, असं आपण करत नाही. ऑर्डर लिहून देतो. तसंच.

वहीत नोंद हवीच

थ्रेड लावला तरी वीज जाऊ शकते, लॅपटॉप बंद पडू शकतो. म्हणून प्रत्येक बिलाची नोंद डेटाबेसमध्ये ठेवा. बिल पाठवायच्या आधी 'पाठवतोय', पाठवून झाल्यावर 'पाठवलं'. प्रोग्राम पुन्हा उघडला की 'पाठवलं' असलेली बिलं सोडून पुढे जायचं. मधोमध वीज गेली तर एखादंच बिल 'पाठवतोय'वर अडकलेलं दिसेल. ते आपोआप पाठवू नका. ईमेलच्या 'सेंट'मध्ये बघून हाताने निकाल लावा. १४० घरांच्या घोळापेक्षा एका घराची खात्री करणं केव्हाही परवडतं.

इथे कोडवाल्यांसाठी एक खूण. लहान प्रोग्रामांत बहुतेक वेळा एसक्यूलाइट वापरतात. पायथॉनमध्ये ज्या थ्रेडने डेटाबेसची जोडणी उघडली, त्यानेच ती वापरायची असा मूळचा नियम आहे, नाहीतर चूक दाखवून काम थांबतं. हा नियम बंद करायची सोय आहे, पण सोपा मार्ग म्हणजे मागच्या थ्रेडने आपली वेगळी जोडणी उघडावी आणि काम संपल्यावर बंद करावी.

थांबवणं, चुकणं आणि शटर ओढणं

थांबवणं: 'थांबवा' असं दुसरं बटण द्या. पायथॉनमध्ये थ्रेडला बाहेरून मारून टाकायची सरळ सोय नाही आणि ते बरंच आहे. बिल अर्धवट पाठवून माणूस गायब झालेला कुणाला हवाय? 'इव्हेंट' नावाचा एक झेंडा असतो. बटण दाबलं की झेंडा वर. मदतनीस प्रत्येक बिलानंतर झेंडा बघतो आणि वर असेल तर हातातलं काम संपवून थांबतो.

चुकणं: एखादा ईमेल पत्ता चुकीचा असतो, इंटरनेट जातं. मागच्या थ्रेडमध्ये चूक झाली तर तो थ्रेड गुपचूप संपतो, खिडकी मात्र हसतमुख उभी. चुकीचा मजकूर काळ्या खिडकीत येतो, आणि दुकानासाठी बनवलेल्या एक्झी फाइलमध्ये ती काळी खिडकी बहुधा लपवलेली असते. म्हणून प्रत्येक बिलाचं काम 'ट्राय'मध्ये ठेवा, चूक झाली तर तीही चिठ्ठीवर लिहून रांगेत टाका आणि पुढचं बिल घ्या. शेवटी '३९७ गेली, ३ राहिली' अशी यादी दिसली पाहिजे. आणि काम कसंही संपलं तरी 'संपलं' ही चिठ्ठी आलीच पाहिजे, नाहीतर बंद केलेलं बटण कायमचं बंद राहील.

शटर ओढणं: काम चालू असताना कुणी खिडकी बंद केली तर? साधा थ्रेड असेल तर खिडकी जाते, पण प्रोग्राम मागे चालूच राहतो. 'डीमन' थ्रेड असेल तर प्रोग्रामबरोबर तोही जिथल्या तिथे तुटतो. दोन्ही बरं नाही. खिडकी बंद करताना विचारा: 'बिलं पाठवणं चालू आहे, थांबवू का?' हो म्हटलं तर झेंडा वर करा, 'संपलं' ही चिठ्ठी येऊ द्या आणि मग खिडकी बंद करा.

मदतनीस दहा ठेवले तर?

हा प्रश्न धंदेवाईक डोक्यात येणारच. सावकाश घ्या. थ्रेड लावल्याने काम लवकर होत नाही, खिडकी मोकळी राहते. वाट बघण्याच्या कामात तीन-चार थ्रेड लावले तर वेळ वाचतो, पण ईमेल सर्व्हरला घाई आवडत नाही. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० ईमेलची मर्यादा आहे. एकदम धडाधड पाठवलं तर खातं काही काळ अडकू शकतं, मग ना बिलं ना बाकी पत्रव्यवहार. आणि काम निव्वळ आकडेमोडीचं असेल तर नेहमीच्या पायथॉनमध्ये थ्रेड वाढवून फारसा फायदा नाही, कारण पायथॉनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवू शकतो.

त्यापेक्षा आधी वाया जाणारा वेळ शोधा. प्रत्येक बिलासाठी सर्व्हरवर नव्याने लॉगिन होतंय का? एकदाच लॉगिन करून सगळी बिलं त्याच जोडणीवरून पाठवा. बरेचदा तिथेच मोठा फरक पडतो.

पायथॉन सोडून दुसरं काही वापरत असाल तरी तत्त्व हेच. सी-शार्पमध्ये 'असिंक-अवेट' किंवा जुन्या प्रोग्रामात 'बॅकग्राउंड वर्कर', जावाच्या स्विंगमध्ये 'स्विंगवर्कर'. एक्सेलच्या मॅक्रोत मात्र थ्रेडची सोय नाही. तिथे काम छोट्या तुकड्यांत करा, खालच्या पट्टीवर आकडा दाखवा, आणि काम वाढलं की वेगळ्या प्रोग्रामचा विचार करा.

पैसे देण्याआधीची तपासणी

डेव्हलपर प्रोग्राम घेऊन आला की चहा द्या आणि त्याच्यासमोर हे करून बघा. पत्ते खरे नको, सगळी बिलं आपल्याच एखाद्या ईमेलवर जातील असं आधी करून घ्या.

१. पाच नाही, खऱ्या संख्येइतक्या नोंदी घालून बटण दाबा. खिडकी हलवून बघा. हलते का?

२. बटण पटापट चार वेळा दाबा. काम एकदाच झालं का?

३. किती झालं, किती राहिलं, हे दिसतं का?

४. काम चालू असताना महिना बदला. बिलांवर कुठला महिना आला?

५. मध्येच वायफाय बंद करा. प्रोग्राम काय झालं ते सांगतो की गप्प बसतो?

६. 'थांबवा' दाबा आणि पुन्हा सुरू करा. जिथून थांबलं तिथूनच सुरू होतं का?

७. टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारा आणि पुन्हा उघडा. कुणाला दोनदा गेलं का?

८. काम चालू असताना खिडकी बंद करा. तो विचारतो का?

आठपैकी दुसरी, चौथी आणि सातवी या तिन्हींत तडजोड नको, कारण तिथे थेट गिऱ्हाइकाच्या पैशाचा प्रश्न आहे. बाकीच्या गोष्टी पुढच्या आठवड्यात करून घेता येतील, पण या तीन पास झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. चांगल्या डेव्हलपरला याचा राग येत नाही. उलट, समोरच्याला काय हवंय ते कळल्यामुळे त्याचंही काम सोपं होतं.

आणि तुम्ही स्वतः असे प्रोग्राम बनवून विकायचा धंदा करणार असाल, तर हीच यादी छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. "माझा प्रोग्राम या आठही गोष्टींत तपासून घ्या" असं म्हणणारा माणूस दोन हजार रुपये जास्त मागू शकतो, आणि ते त्याला मिळतात.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्याकडे आज जो प्रोग्राम आहे, त्यातलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं बटण शोधा आणि वरची दुसरी तपासणी करा. पण आधी डेटाची प्रत काढून ठेवा आणि तपासणी त्या प्रतीवरच करा, खऱ्या डेटावर नको. काय झालं ते व्हिडिओखाली नक्की लिहा. पुढच्या भागात 'पाठवतोय, पाठवलं' ही वही डेटाबेसमध्ये कशी मांडायची ते बघू.

भेटू लवकरच. धंदा वाढवा, हिशोब स्वच्छ ठेवा!